वळचणीची फट

मे महिन्यात गावचं घर उघडलं की पहिल्या रात्री झोप येत नाही. माळ्यावर कोणीतरी चालत असतं. उंदरांची पळापळ वेगळी, ती हलकी आणि भरभर असते. हे पाऊल जड, थांबून थांबून पडणारं. मधेच एखादं कौल सरकल्याचा आवाज होतो, मग वळचणीकडे काहीतरी घसरतं, आणि बाहेर आंब्याची फांदी सळसळते. सकाळी पडवीच्या भिंतीवर ओघळ दिसतो आणि वरून आंबेमोहोराचा भात शिजत असावा तसा वास खाली येतो. ज्यांना हा वास ओळखू येतो ती माणसं लगेच सांगतात, कांडेचोर आहे. पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात मी पिंजरा लावला. मारायचं नाही, हे घरात सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. उंदरांच्या पिंजऱ्यासारखाच, पण चांगला हातभर मोठा पिंजरा तालुक्याच्या गावातून आणला, आत पिकलं केळं टांगलं आणि तिसऱ्या रात्री खटका पडला. सकाळी पाहिलं तर करडं अंग, त्यावर काळसर पट्टे, डोळ्यांभोवती काळं, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला जीव. पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, टेम्पोत ठेवला आणि खाडीपलीकडे पंचवीस किलोमीटरवर दाट झाडी बघून त्याला सोडून दिलं. परत येताना फार बरं वाटत होतं. एक जीव आपल्या हातून वाचला, असं मनात येत होतं.

दुसऱ्या रात्री माळ्यावर बारीक चीं चीं सुरू झाली. शिडी लावून वर गेलो. जुन्या टोपल्यांच्या मागे, पेंढ्यात, दोन पिल्लं होती. एक गार पडलं होतं. दुसरं माझ्या बोटाला तोंड लावत होतं. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून पाहिलं, वनखात्याच्या माणसाला फोन केला, पण तो येईपर्यंत तेही गेलं. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून बघत होत्या. ‘अरे, आईला नेलंस आणि पोरांना ठेवलंस?’ एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळलं. मी कोणाला काठी मारली नव्हती, विष घातलं नव्हतं, उलट पदरचे पैसे खर्चून त्या जनावराला जंगलापर्यंत पोचवलं होतं. तरी तीन जिवांचं वाटोळं झालं, कारण पंचवीस किलोमीटरवर अनोळखी रानात सोडलेली मादी तिथे तगली असेल, अशी खात्री मी आता देऊ शकत नाही. तिला तिथलं पाणी ठाऊक नाही, कोणतं झाड कधी पिकतं ते ठाऊक नाही, आणि ती जागा आधीच दुसऱ्या कांडेचोराची. शिवाय पुढच्याच वर्षी आमच्या माळ्यावर पुन्हा तेच पाऊल वाजलं. जागा रिकामी झाली होती, फट उघडी होती, परसात पपई पिकत होती. दुसरं कोणीतरी आलं.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात ठार मारण्याबरोबर पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेही येतं. म्हणजे परवानगी न घेता लावलेला माझा दयेचा पिंजरा कायद्याच्या लेखी शिकारच होता. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कायदा फार ताठ वाटला. आता वाटतं, तो लिहिणाऱ्याला काहीतरी नीट समजलं होतं. जनावराला त्याच्या जागेवरून उचलणं हा त्याच्या आयुष्यावरचा मोठा घाव असतो, मग उचलणाऱ्याच्या मनात काहीही असो.

आपल्याकडे ‘भूतदया’ हा शब्द फार प्रेमाने वापरला जातो. पण ती बहुतेक वेळा मनातली भावना म्हणून. मुंगीला साखर, कुत्र्याला चपाती, शनिवारी वानरांना केळी. मला वाटतं, घराभोवती येणाऱ्या रानटी जिवांच्या बाबतीत ही भावना अपुरी पडते, आणि पुष्कळदा घातक ठरते. तिथे दया म्हणजे माहिती काढणं, थांबणं, आणि जनावर का येतं ते शोधून आपल्या घरात, अंगणात, गोठ्यात दुरुस्ती करणं. हे काम कंटाळवाणं आहे. त्याचा फोटो निघत नाही. पिंजऱ्याचा निघतो. म्हणूनच वैयक्तिक घरापासून सरकारी खात्यापर्यंत सगळ्यांचा ओढा पिंजऱ्याकडे असतो.

याचा सर्वात मोठा आणि सर्वात महाग पडलेला धडा महाराष्ट्राने जुन्नरमध्ये गिरवला आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. बारा महिने दाट, गारवा असलेलं, माणूस आत न शिरणारं पीक. बिबट्याला आणखी काय हवं? तो उसात राहू लागला, उसातच पिल्लं घालू लागला. २००१च्या सुमारास तक्रारी वाढल्या तसे पिंजरे लागले आणि पकडलेले बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडण्याची मोठी मोहीम झाली. हेतू चांगलाच होता. माणसंही वाचावीत, बिबटेही. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा जे दिसलं ते कोणालाच नको होतं. मोहिमेआधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते मोहिमेनंतर १७वर गेले. आणि हे हल्ले प्रामुख्याने जिथे बिबटे सोडले त्याच्याच आसपास झाले.

असं का व्हावं, याचा विचार केला तर ते जनावर डोळ्यांसमोर उभं राहतं. एका खोऱ्यात वाढलेला बिबट्या. कोणत्या वस्तीतला कुत्रा मोकळा असतो, कोणत्या बांधावरून रात्री माणूस जातो, कुठे लपलं की कोणी त्रास देत नाही, हे सगळं त्याला पाठ. त्याला पिंजऱ्यात कोंडलं, काठ्यांनी टोचलं, गर्दीने घेरलं, आणि एका रात्री अनोळखी डोंगरात दार उघडलं. तो घाबरलेला, भुकेला, घराच्या दिशेने निघालेला. वाटेत जी गावं लागतात त्यांना याची खबर नसते. इकडे त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर नवे, अर्धवट वयाचे बिबटे हक्क सांगायला येतात, आपापसात भांडतात. एक जुना शेजारी घालवून आपण चार नवखे बोलावून घेतो.

ज्याच्यावर पुढे मराठीत चित्रपट निघाला तो ‘आजोबा’ आठवा. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एका विहिरीत पडलेला हा वयस्कर नर. त्याला बाहेर काढून गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. काही आठवड्यांत तो शंभरावर किलोमीटर चालत मुंबईच्या उंबरठ्यावर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत त्याने कोणाला ओरखडाही काढला नाही. त्याच्या कथेचं आपल्याला फार कौतुक वाटलं, ते योग्यच आहे. पण मला त्या कथेतून कळतं ते एवढंच, की आपण नकाशावर टाचणी टोचून ‘इथे राहा’ म्हणतो, ते जनावराने कबूल केलेलं नसतं. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

वाघाचीही गोष्ट तीच. ब्रह्मपुरीच्या बाजूला माणसांवर हल्ले करणारी एक वाघीण २०१७मध्ये पकडून बोर व्याघ्रप्रकल्पात सोडली. ती तिथे थांबली नाही, शेकडो किलोमीटर फिरली, आणखी माणसं गेली, आणि ऑक्टोबरमध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून ती मेली. ती तार रानडुकरांसाठी होती. असल्या तारांनी वाघ मरतात, गुरं मरतात, आणि पहाटे बांधावरून जाणारा शेजारीही मरतो. घरच्या लाइनचा करंट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, आणि सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो. तो क्षणभर बसतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. हा फरक अजून कितीतरी शेतांपर्यंत पोचलेला नाही. जिथे पोचला आहे तिथेही कुंपणाखालचं गवत कापायला माणूस लागतो, नाहीतर पावसाळ्यात गवत तारेला टेकून झटका जमिनीत उतरतो.

जुन्नर-संगमनेर-अकोले या पट्ट्यातून चुकीच्या धड्याबरोबर एक चांगला धडाही निघाला, आणि तो मला माझ्या माळ्यामुळे जास्त जवळचा वाटतो. ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून आणली जात. लोक मांडीवर घेऊन फोटो काढत, पिल्लं कुठेतरी प्राणिसंग्रहालयात जात आणि आई रात्रभर त्या फडाभोवती वेड्यासारखी फिरे. अशा वेळी त्या वस्तीवरच्या माणसांचं काय होत असेल ते सांगायला नको. आता वनखात्याची आणि जाणकार संस्थांची माणसं पिल्लं तपासून, संध्याकाळी त्याच फडात, सापडली त्याच जागी, एका पाटीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात. कॅमेरा लावतात, दूर जातात. रात्री आई येते, पाटीत डोकावते, एकेकाला मानेला धरून उचलून नेते. कितीतरी पिल्लं अशी आईकडे गेली आहेत. इथे कोणी कोणाला लांब नेलं नाही. माणसांनी फक्त एक रात्र तो फड सोडला.

कांडेचोराच्या बाबतीत मला नेमकं हेच करायला हवं होतं. एक रात्र, फार तर तीन आठवडे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. जनावर घराशी येतं कशासाठी? खाणं, पाणी, आडोसा, यापलीकडे त्याचं काही कारण नसतं. अकोले तालुक्यातल्या बागायती खोऱ्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या आहाराचा ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे मोकाट कुत्री, आणि ती पोसणारा उकिरडा, हे गावाने बिबट्याला दिलेलं जेवणाचं ताट आहे. कोंबडीच्या दुकानामागे टाकलेली आतडी, लग्नाच्या पंगतीनंतर ओढ्यात ओतलेलं अन्न, मेलेलं गुरू गावाबाहेर उघड्यावर टाकण्याची रीत, हे सगळं त्या ताटात वाढलेलं. पिंजरा या ताटाला हात लावत नाही. ताट मांडलेलं ठेवून जेवणाऱ्याला फक्त बदलत राहायचं, याला मी उपाय म्हणत नाही.

शेळ्यांचा गोठा घ्या. कितीतरी वस्त्यांवर शेळ्या काट्याच्या वईत किंवा उघड्या छपरात बांधलेल्या असतात. बिबट्या आत शिरतो, एक शेळी मारतो, बाकीच्या घाबरून उड्या मारू लागतात आणि बाहेर पडायची वाट लगेच न सापडून तो आणखी चार मारतो. कुटुंबाची वर्षाची मिळकत एका रात्रीत जाते. त्याच गोठ्याला वरून-खालून जाळी आणि आतून घट्ट बसणारं दार असेल तर ही रात्र येत नाही. हा खर्च नुकसानभरपाईच्या मानाने काही फार नाही. पण भरपाईला पंचनामा असतो, पंचनाम्याला बातमी असते. जाळी बसली त्या दिवशी काहीच घडत नाही, आणि काही न घडण्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

विजेचंही तसंच. शेतीपंपांना आलटून पालटून रात्रीची वीज मिळते. शेतकरी कडाक्याच्या थंडीत रात्री दोनला उसात पाणी धरायला जातो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी, वाकून दारं धरणारा माणूस. वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, आणि त्याच बांधावर घोणसही निघालेली असते. दिवसा वीज मिळावी ही मागणी शेतकरी कितीतरी वर्षं करतो आहे आणि ती शेतीच्या खात्यात मोडते. मी म्हणेन ती वन्यजीवांच्याही खात्यात मोडते. दहा पिंजऱ्यांनी जे होणार नाही ते दिवसा मिळणाऱ्या आठ तासांच्या विजेने होईल.

सापांवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण घराभोवतीच्या रानटी जिवांत खऱ्या अर्थाने माणसाचा जीव घेणारे तेच. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बिबट्या आणि वाघ मिळून याच्या जवळपासही जात नाहीत. जाणारी माणसं जवळजवळ सगळी खेड्यातली, अनवाणी चालणारी, जमिनीवर झोपणारी.

याला आपण दोन उत्तरं शोधली आहेत. पूर्वीचं उत्तर काठी. आताचं उत्तर सर्पमित्राला फोन. काठीपेक्षा हे फार बरं, आणि या पोरांनी जीव धोक्यात घालून हजारो साप आणि त्याहून जास्त माणसं वाचवली आहेत, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही बरणीत भरलेला साप पुढे कुठे जातो हा प्रश्न विचारला पाहिजे. साप आपल्या टापूत राहतो. कोणत्या बिळात पावसाचं पाणी शिरत नाही, कोणत्या गडग्यात ऊब मिळते, हे त्याला माहीत असतं. तीस किलोमीटरवर सोडलेला साप दिशाहीन भटकतो, रस्त्यावर येतो, दुसऱ्याच्या अंगणात शिरतो. आणि आपल्या घरामागचे उंदीर जिथल्या तिथे असतात. आठवड्याने दुसरा साप त्याच वासावर येतो. परसातली धामण पकडून लांब नेणं तर निव्वळ तोट्याचं. ती बिनविषारी, उंदीर खाऊन जगणारी. तिला घालवलं की उंदीर वाढतात, आणि उंदरांमागे कोण येईल ते आपण ठरवू शकत नाही.

म्हणून सापाचं काम घरापासून सुरू होतं. भिंतीला टेकून रचलेली लाकडं आणि शेणींची उतरंड चार हात दूर, जमिनीपासून उचलून फळ्यांवर. न्हाणीच्या मोरीला जाळी. दाराखालची फट बुजवलेली. कोंबड्यांचं खुराडं माणसं झोपतात त्या भिंतीला लागून नाही. भाताची पोती उघड्यावर नाहीत, झाकणाच्या पिंपात. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात काहीतरी. आणि झोपताना मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिच्या दंशाला पुष्कळदा फारशी आगही होत नाही. माणूस झोपेतून उठतो तो पोट दुखतं म्हणत, मग पापण्या मिटायला लागतात. तोपर्यंत मांत्रिकाकडे न जाता १०८ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचलं तर माणूस वाचतो. या सगळ्यात मच्छरदाणीइतकी स्वस्त आणि साधी वस्तू दुसरी नाही, आणि ती साप आणि माणूस दोघांनाही वाचवते. चावलाच नाही तर मारायलाही कोणी धावत नाही.

एक इशारा इथेच देतो. अंगणाभोवती किंवा भाजीच्या वाफ्यावर मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी टाकायची पद्धत किनारपट्टीवर फार पसरली आहे. तिच्यात साप अडकतात. धामण मागे सरकू शकत नाही, दोरे खवल्यांत रुततात, ती ओढत राहते आणि उन्हात दोन दिवस मरत असते. उंदरांसाठी घरात ठेवलेल्या चिकट पट्ट्यांचंही तेच, त्यावर पाली, चिमण्या, सापाची पिल्लं जिवंत चिकटून राहतात. न मारता पकडण्याचं साधन म्हणून या वस्तू विकल्या जातात. मी माझ्या हाताने एका दिवडाला अशा जाळीतून सोडवलंय, नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा कापत, दीड तास. माझी विनंती आहे, ही जाळी काढून टाका. कुंपण हवं तर ताठ, बारीक भोकांची लोखंडी जाळी लावा.

माकडांच्या प्रश्नावर मात्र सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते असल्याचं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कोकणातल्या शेतकऱ्याने भाजी लावायचं सोडलं आहे, कित्येकांनी भुईमूग, रताळी, केळी सोडली आहेत. शहाळं धरायच्या आत खाली पडतं. कौलं फुटतात. वानरांचे कळप दुसऱ्या जिल्ह्याच्या जंगलात नेऊन सोडा, ही मागणी त्या रागातून येते आणि तो राग खरा आहे. पण माकड हे जनावर खुणा लक्षात ठेवणारं, माणसाच्या सवयी शिकणारं. घरांची चटक लागलेला कळप नव्या जंगलात उतरला की पहिलं गाव शोधतो. त्या गावातला शेतकरी काय कमी कष्टाचा आहे?

मला यात एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही असं वाटतं. ती म्हणजे राखण. पूर्वी वाडीत माणसं होती. दुपारी माळावर पोरं होती, आजी अंगणात काठी घेऊन वाळवण राखत होती, गोफणीचा आवाज डोंगरभर जात होता, प्रत्येक घराला कुत्रा होता आणि तो घराचा होता, मोकाट नव्हता. वानर तेव्हाही होते. ते रानाच्या कडेला थांबायचे, कारण कडेला माणूस उभा होता. आता बारा घरांच्या वाडीत चार घरांत दिवा लागतो, बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. मुंबई-पुण्याला गेलेल्या आम्हा सर्वांची घरं वर्षातले अकरा महिने जनावरांसाठी मोकळी असतात. परसातला फणस पिकून तिथेच पडतो, आंबा पडतो, माळ्यावर कांडेचोर, न्हाणीत साप, कौलांवर वानर. मग मे महिन्यात आम्ही येतो आणि म्हणतो, जनावरं माजलीत. त्यांच्या दृष्टीने तर आम्हीच चार दिवसांचे पाहुणे आहोत. जे मागे राहिले आहेत त्या म्हाताऱ्या माणसांवर सगळ्या वाडीची राखण पडली आहे, आणि आमच्या बंद घराने त्यांचा त्रास वाढवला आहे. आमच्या घरातला कळप उठून त्यांच्याच वेलीवर बसतो. ज्याचं घर बंद आहे त्याने निदान पडलेली फळं उचलायला, झाडी छाटायला, कौलं बघायला माणूस ठेवून त्याला चार पैसे द्यावेत, एवढं तर आपण त्यांचं देणं लागतो.

आणि घाटात गाडी थांबवून वानरांना वेफर्स घालणाऱ्यांनी ते आजपासून थांबवावं. तिथे शिकलेलं माकड माणसाला घाबरत नाही. घाटातून खाली उतरून ते ज्या बाईच्या हातातली पिशवी हिसकावतं, तिच्या हातावरच्या चाव्यात त्या वेफर्सचाही वाटा असतो.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. जाळी लावा, फटी बुजवा, हे सांगणं सोपं. ज्याचं मूल गेलं त्याला तुम्ही फटी बुजवायला सांगणार का? २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली, म्हातारं माणूस गेलं. माणसं रस्त्यावर उतरली. त्या आईबापांसमोर भूतदयेचं नाव घ्यायची माझी हिंमत नाही. माणसावर वारंवार हल्ला करणारं जनावर काढलंच पाहिजे, आणि पकडता येत नसेल तर मारलं पाहिजे, यात मला शंका नाही. कायद्यातही त्याची तरतूद आहे. पण तो शेवटचा उपाय असायला हवा, आणि त्याआधीचं सगळं केलेलं असायला हवं. घरापासून उसापर्यंत मोकळी पट्टी, अंगणात दिवा, घरातच शौचालय, मुलांना शाळेत नेणारी गाडी, विहिरीला कठडा. हे त्या गावांना वीस वर्षांत कितपत मिळालं, हे विचारायला हवं. कारण बिबट्या गेल्यावर दुसरा येणार आहे, आणि त्या दिवशीही संध्याकाळी सहाला अंधारातून मूल घरी येत असेल. हा सगळा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारणं तर उघड अन्याय आहे. वाघ-बिबट्या वाचल्याचा आनंद सगळ्या राज्याचा, मग गोठ्याची जाळी एकट्या धनगराने का घ्यायची?

जाणकारांना बोलवायचं तेव्हा बोलवायचंच. विहिरीत पडलेला बिबट्या, घरात शिरलेला नाग, हे हौशी माणसाचं काम नाही. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी आहे. विहिरीवर मात्र सगळ्यात कठीण काम असतं गर्दी मागे हटवण्याचं. एकदा पाहिलंय मी. दोरांनी बांधलेली खाट हळूहळू पाण्यावर सोडली, दमलेला बिबट्या पोहत येऊन तिच्यावर चढला, आणि थरथरत बसून राहिला. वर तीनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. खात्याचा एक गार्ड घसा फुटेस्तोवर ओरडत होता, ‘दादा, मागे व्हा, त्याला बाहेर यायला वाट तर ठेवा!’ अंधार पडून माणसं पांगेपर्यंत पिंजरा खाली सोडता आला नाही.

गेल्या वर्षी माळ्यावर पुन्हा पाऊल वाजलं तेव्हा मी पिंजरा काढला नाही. काकूंना विचारलं. ‘आधी आठ दिवस नुसतं बघ,’ त्या म्हणाल्या. माळ्याच्या तोंडाशी चाळलेली राख पसरली. सकाळी राखेत पावलं उमटलेली, मोठी आणि त्यांच्या मागे नाण्याएवढी लहान. म्हणजे पिल्लं होती. आम्ही खालच्या खोलीत झोपायला लागलो आणि वाट बघितली. दर संध्याकाळी सातच्या सुमारास मी अंगणात खुर्ची टाकून बसायचो. वळचणीला पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे वासा कुजून रीप खाली आली आहे, तिथून आधी नाक बाहेर यायचं, मग ती सगळी उतरायची आंब्याच्या फांदीवर. पुढचे पंधरा-वीस दिवस ती एकटीच उतरत होती. नंतर एका रात्री तिच्या मागे दोन आली, फांदीवर चाचरत, एकमेकांच्या अंगावर पडत.

त्यानंतर चार रात्री पिल्लं रोज बाहेर पडतात याची खात्री केली. मग गावातल्या सुताराला बोलावलं. त्याने कुजका वासा बदलला, सगळ्या वळचणीला अर्ध्या इंचाची वेल्डमेशची जाळी ठोकली, आणि ती एकच फट मोकळी ठेवून तिला वरून टांगलेली पत्र्याची झडप बसवली, बाहेर ढकलली की उघडणारी, आत ढकलली तर न उघडणारी. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी दोन हात मागे छाटली. पडलेली पपई रोज सकाळी उचलून गोठ्यात टाकू लागलो. सहाव्या सकाळी राखेवर आतून बाहेर जाणारी पावलं नव्हती. शिडी लावून माळा तपासला, टोपल्यांच्या मागचा पेंढा बोटांनी उचलून पाहिला, रिकामा होता. सुताराने झडप काढून तिथेही जाळी मारली.

त्या रात्री गडग्यापलीकडच्या माडावर काहीतरी चढल्याचा आवाज आला. काकूंनी आतूनच विचारलं, ‘तीच का रे?’

‘तीच असेल,’ मी म्हटलं. पंचवीस किलोमीटर नाही, वीस पावलांवर.